पत्रिकेतला मंगळ

भोरला एसटी स्टँडच्या अलीकडं माझं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकानात दोन कॉम्प्युटर. डावीकडं विंडोज सेव्हन, उजवीकडं विंडोज इलेव्हन. सेव्हन माझा, इलेव्हन भाच्याचा. पाटीवर नाव माझं असल्यामुळं पंख्याखालची जागा सेव्हनला मिळाली आहे.

सेव्हनला मी नेटचं वारंसुद्धा लागू दिलेलं नाही. त्याच्या पाठीत पंचवीस भोकांचा जो पोर्ट असतो, त्यात मराठी फॉन्टचं लॉक खुपसलेलं आहे. ते लॉक जरा हललं की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं वेडीवाकडी नाचायला लागतात. नव्या कॉम्प्युटरला असला पोर्टच नसतो. आत पेजमेकर ७ आहे, २००१ सालचा. भाचा म्हणतो, "मामा, हे म्युझियमला द्या." मी त्याला सांगतो, बाबा, तुझ्या आईबापाची पत्रिका याच पेजमेकरात लागली. ती फाइल अजून उघडते. लग्नही टिकलंय.

आता सेव्हननंतर इलेव्हन म्हटल्यावर मधे बरंच काही येऊन गेलं असणार, हे ओघानं आलंच. आठ आलं, आठ पूर्णांक एक आलं, आणि २०१५ ला एकदम दहा. नऊ नाहीच! सतरा नंबरचा फॉर्म भरून पोरं आठवीतून थेट दहावीला बसतात, त्यातला प्रकार. पण हे दहावं पोरगं चांगलं निघालं. दहा वर्षं निमूट राबलं.

मग त्याचीही वेळ भरली. पत्रिका छापणाऱ्याच्या हाताशी पंचांग असतंच, म्हणून मी सहज ताळा घेतला. सेव्हनच्याही आधीच्या एक्सपीचा पाठिंबा कंपनीनं काढला ८ एप्रिल २०१४ ला. रामनवमी. सेव्हनचा काढला १४ जानेवारी २०२० ला. त्या वर्षी संक्रांत पंधराला होती, म्हणजे ऐन भोगीला. टेनचा १४ ऑक्टोबर २०२५ ला, दिवाळीच्या तोंडावर. सणाचा मुहूर्त धरून घरातल्या म्हाताऱ्यांना बाहेर काढायची ही कुठली रीत? पुढं पाहिलं तर तिन्ही तारखांना वार मंगळवार. मी भाच्याला म्हटलं, "बघ, पत्रिकेतच मंगळ आहे." तो म्हणाला, "मामा, दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. म्हणून शेवटची दुरुस्तीपण मंगळवारीच." म्हणजे दर महिन्याला मंगळ. मग शांत कधी करायचा?

इलेव्हनला स्थळही साधं चालत नाही. त्याला टीपीएम २.० नावाची चिप लागते, चार जीबी रॅम लागते, चौसष्ट जीबी जागा लागते. सेव्हन एक जीबीत संसार करायचा. एवढं घेऊन इलेव्हननं काय केलं, तर कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण मधोमध आणलं. सेटिंगमधून ते परत डावीकडं नेता येतं, भाच्यानं नेऊनही दिलं. पण सेव्हनची खालची पट्टी वर, खाली, उजवीकडं, डावीकडं वाटेल तिथं ओढता यायची. इलेव्हन आला तो ती तळाला खिळे ठोकून. उजवं क्लिक केलं की चार गोष्टी दाखवतो, आणि नेमकी हवी असलेली 'शो मोअर ऑप्शन्स'च्या पोटात.

खरं तेही सांगतो. आजकाल वधूवरांचे मढे घाटातले फोटो येतात, एकेक फोटो असा जड की सेव्हनवर उघडायला टाकून मी चहा पिऊन येतो. इलेव्हनवर तो क्लिक करता करता उघडतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायची पत्रिका तर सेव्हनच्या बापाला जमणार नाही. गिऱ्हाईक सरळ उजवीकडं जाऊन बसतं. मी पंखा वाढवतो.

मात्र हा इलेव्हन वेल्ह्यातल्या केळदच्या बाजूला नेऊन दाखवावा. तिकडच्या एका गुरुजींनी नवा लॅपटॉप घेतला आणि चालू करून द्यायला मला नेलं. आषाढातला पाऊस. लॅपटॉपनं आधी भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, मग नेट मागितलं. नेटशिवाय पुढं जायचं बटणच नाही. होम एडिशन, कंपनीचं खातं जोडल्याशिवाय आत पाऊल टाकू देईना. सेव्हनला नाव सांगितलं की पुरायचं. गुरुजींच्या घरात रेंज फक्त माळ्यावर, पत्र्याखालच्या आडव्या वाशापाशी. मग गुरुजींची सून मोबाइल धरून माळ्यावर, लॅपटॉप शिडीच्या मधल्या पायरीवर, मी खालच्या पायरीवर आणि गुरुजी शिडी धरून. लॅपटॉप 'थोडं थांबा, बंद करू नका' म्हणतोय, आणि चार्जिंगची लाइट वेल्ह्यात कुणाचं ऐकते?

वेल्ह्यात म्हणालो, आता राजगड तालुका म्हणायचं. तालुक्याचं नाव बदललं, आणि आमच्या दुकानाला काम लागलं. जुन्या गिऱ्हाइकांच्या फाइलीत सगळीकडं 'ता. वेल्हे'. मी सेव्हनवर एकेक पत्रिका उघडून, वाचून, हातानं बदलत बसलो. भाच्यानं इलेव्हनवर 'वेल्हे' काढून 'राजगड' घालायचा हुकूम सोडला आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मोकळा झाला. मुदतीत छापायचं म्हणून प्रूफ वाचायलाही कुणाला सवड नव्हती. वेल्हे गावातल्या एका लग्नाच्या पाचशे पत्रिका निघाल्या. तालुका राजगड, बरोबर. मुक्कामही राजगड. आणि विवाहस्थळ: राजगड येथील आमच्या राहत्या घरी.

राजगड म्हणजे शिवाजी महाराजांचा किल्ला, पंचवीसेक वर्षांची राजधानी! मुलीकडचं वऱ्हाड गुंजवण्यात गाडीतून उतरून, आहेराची भांडी डोक्यावर घेऊन चोर दरवाज्याच्या चढाला लागलेलं माझ्या डोळ्यांपुढं आलं. मुलाचे चुलते न्यायला आले. मी म्हटलं, "अण्णा, बसा. उद्यापर्यंत दुसऱ्या छापून देतो, पैसे नकोत."

अण्णांनी चष्मा काढून पत्रिका लांब धरली, दोनदा वाचली आणि गठ्ठा काखेत मारला.

"ऱ्हाऊ द्या वो," ते म्हणाले. "पोराला स्वतःचं घर हाय का, म्हणून मुलीकडचे लईच इचारत होते."