जांभळं, आप्पा आणि अर्धं मिनिट

जांभूळ हे धंद्याच्या दृष्टीने फार बेभरवशाचं फळ. उन्हाळा संपता संपता येतं, पाऊस नीट लागला की जातं, आणि पुढचे अकरा महिने गिऱ्हाइकाला आपली आठवण राहील अशी काही सोय ठेवत नाही. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या सोनिवलीत ज्याच्या परसात एक झाड होतं तोही स्वतःला बागायतदार म्हणवून घेऊ लागला. आमच्याकडे तर चार झाडं. म्हणून मी थेट वेबसाइटच काढली. महिनाभर त्यावर जांभळं असतात आणि उरलेलं वर्ष 'हंगाम संपला आहे' एवढी पाटी. भाडं मात्र बारा महिन्यांचं.

एवढे पैसे भरून नुसती पाटी का टांगायची, या विचारातून रेडिओ आला. जानेवारीत कुणी चुकून आलाच, तर त्याला जांभूळ नाही तर नाही, निदान गाणं तरी मिळावं.

"मामा, एका ओळीचं काम आहे," भाचा म्हणाला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या वयात जगातली सगळी कामं एका ओळीची असतात.

ओळ खरोखरच एक होती. ऑडिओ नावाचा टॅग आणि त्यात प्रक्षेपणाचा पत्ता. जांभळाच्या फोटोखाली छान बटण उमटलं. दाबलं. काही नाही. मग कळलं की आमच्या वेबसाइटच्या पत्त्याला सुरक्षिततेचं कुलूप आहे आणि आम्ही जोडलेला रेडिओचा पत्ता बिनकुलपाचा होता. कुलूपवाल्या पानाने बिनकुलूपवाल्याशी बोलायचं नाही, अशी ब्राउझरची शिस्त आहे. भाच्याने कुलूपवाला पत्ता शोधला. आता ताईच्या आयफोनवर गाणं लागलं, पण माझ्या कॉम्प्युटरवर शांतता. अख्खा ऊस हातात न देता कांडी करून द्यावीत, तसं हल्लीचं प्रक्षेपण पाच-सहा सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि सोबत तुकड्यांची यादी. ही यादी वाचायचं शिक्षण ॲपलच्या ब्राउझरला जन्मजात. माझ्या जुन्या ब्राउझरला त्यासाठी वेगळी शिकवणी लावावी लागली. शिकवणी म्हणजे आणखी एक फाइल. एका ओळीची एव्हाना पानभर झाली होती.

माझी इच्छा होती की पान उघडताच गाणं सुरू व्हावं. तेही नाही. पाहणाऱ्याने स्वतः बोट लावल्याशिवाय पानाने आवाज करायचा नाही, असा नियम क्रोमने २०१८ साली केला आणि इतरांनीही तोच मार्ग धरला. मला राग आला, पण बायकोला नियम फारच पसंत पडला. "हा माणसांना का नाही लावत?" तिने विचारलं. विचारताना ती आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खोलीकडे बघत होती, असा माझा समज आहे.

मधल्या काळात भाच्याच्या डोक्यात आपणच स्टेशन काढायचं खूळ शिरलं. आइसकास्ट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॉम्प्युटरवर गाणी लावायची की झालं सोनिवली केंद्र. गाणी मात्र फुकट नसतात. हवेतल्या रेडिओला कॉपीराइट कायद्यात गाण्यांसाठी जी वैधानिक परवान्याची सवलत आहे, ती इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगून टाकलंय. शिवाय या धंद्याचा इतिहास काही उत्साहवर्धक नाही. मुंबईत रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी १९२३ साली प्रक्षेपण सुरू केलं. पुढे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र खुद्द व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते सुरू झालं, आणि १९३० साली कंपनी दिवाळ्यात निघाली. व्हाइसरॉयचा हात लागूनही तीन वर्षं. आमच्या केंद्राचं उद्घाटन फार तर वॉर्डातल्या माजी नगरसेवकाने केलं असतं.

तेव्हा आकाशवाणीच. प्रसारभारती आपल्या दोनशेहून अधिक वाहिन्या इंटरनेटवर सोडते, त्यातली मुंबईची अस्मिता आम्ही घेतली.

"परवानगी नको का काढायला?" मी विचारलं.

"मामा, साइटवर महिन्याला किती लोक येतात?"

मी आकडा सांगितला नाही. तो आमच्या रेशन कार्डावरच्या आकड्याशी बराचसा जुळतो. तरी रीतसर पत्र धाडलंच; आप्पांच्या घरात बिनपरवानगीचं काही चालत नाही.

आप्पांची नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली. सगळं आयुष्य भोंग्यावर गेल्यामुळे वेळेच्या बाबतीत त्यांना विनोद कळत नाही. त्यांचा ट्रान्झिस्टर चामडी पिशवीत असतो. पाठीमागचं झाकण रबरबँडने बांधलेलं, आणि सेल दमले की ते खिडकीतल्या उन्हात ओळीने वाळत पडतात. काटा कायम ५५८ वर, म्हणजे अस्मितेवरच. मीडियम वेव्ह. मिक्सर सुरू झाला की त्यात खरखर होते, मग आप्पा मिक्सर बंद करायला सांगतात. चटणी थांबते, बातम्या थांबत नाहीत.

त्यांना नवलाई दाखवावी म्हणून मी सकाळी त्यांच्यासमोर लॅपटॉपवर अस्मिता लावली. ट्रान्झिस्टर चालूच होता. बातम्यांआधी वेळेचे पीप पीप वाजले, आप्पांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून मान डोलावली, वृत्तनिवेदकाने नाव सांगितलं, पहिली ठळक बातमी झाली, आणि मग लॅपटॉप म्हणाला, पीप पीप.

"हे काय?"

"वेळ सांगतायत, आप्पा."

"कधीची?"

भाच्याने समजावून सांगितलं. मालाडच्या मनोऱ्यावरून निघालेली लाट सोनिवलीला पोचायला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. इंटरनेटवर आधी आवाजाचे तुकडे करायचे, ते साठवायचे, धाडायचे, आणि मध्येच अडखळू नये म्हणून आपल्या यंत्राने दोन-तीन तुकडे गाठीला बांधून मगच बोलायला सुरुवात करायची. यात अर्धं मिनिट सहज जातं. लंडनला बीबीसीचे पीप १९२४ पासून वाजतायत, पण डिजिटल रेडिओवर तेही उशिराच पोचतात.

"आणि बटणावर लाइव्ह लिहिलंय," आप्पा म्हणाले.

हे बदलापूरकराने म्हणावं? आमच्याकडे कर्जत लोकल अर्ध्या मिनिटाने मागे असली तर लोक ती लवकर आली समजून धावत सुटतात. पण आप्पांनी निवृत्तीनंतर लोकल सोडली आहे, तत्त्वं सोडलेली नाहीत. तासाला सुमारे २९ एमबी डेटा जातो हे ऐकल्यावर तर त्यांनी, पूर्वी रेडिओचं लायसन्स पोस्टातून काढावं लागे त्याची आठवण काढली. पैसे तेव्हाही भरावे लागत, पण पीप वेळेवर वाजत असत. आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये हजाराहून जास्त माणसांसकट पाण्यात अडकली, त्या दिवशी आपल्या घरात वीज नसताना आणि मोबाइल मुके झालेले असताना बोलत कोण होतं, हा त्यांचा शेवटचा मुद्दा. त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

त्या अर्ध्या मिनिटाचा उपयोग कसा करायचा, हे मात्र आप्पांनाच सुचलं.

रविवारी मेहुणे डोंबिवलीहून आले. क्रिकेटची मॅच होती आणि टीव्ही दुरुस्तीला गेलेला. आपल्या मुलाची कर्तबगारी म्हणून मेहुण्यांनी कौतुकाने वेबसाइटवर समालोचन लावलं आणि हॉलमध्ये मांडी ठोकून बसले. आप्पा पडवीत आरामखुर्चीत, डोळे मिटलेले. उजव्या कानात ट्रान्झिस्टरचा काळा खुंट होता, पण तो भिंतीच्या बाजूचा कान.

"जावईबापू," आप्पा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "हा आता जाणार."

"छे हो आप्पा, सेट झालाय चांगला."

"वडापावची पैज."

बॉलर धावत आला, समालोचकाचा आवाज चढला, स्टंप उडाला. मेहुणे चकित. पुढे आप्पांनी एक षटकार, एक रनआउट आणि तिसऱ्या पंचाचा एक निर्णय सांगितला. "बॅट्समनचा पाय बघायचा," ते म्हणाले. रेडिओवर पाय कुठून दिसणार, हा प्रश्न मेहुण्यांना वडापावच्या चौथ्या प्लेटपर्यंत पडला नाही. ज्या घराने जावयाला धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे वाढले, त्याच घराने त्याला भर दुपारी स्टेशनाबाहेरच्या गाडीवर वडे आणायला पिटाळलं. भाचा सगळं जाणून होता. तो गप्प बसला, कारण आप्पांनी त्याला एका प्लेटचा वाटेकरी करून घेतलं होतं.

बिंग ताईने फोडलं. कानातला खुंट ओढून तिने आप्पांना चांगलंच फैलावर घेतलं. आप्पांचं म्हणणं एवढंच की, आपण खोटं काही बोललो नाही. खोटं त्या बटणावर लिहिलंय. मग त्यांच्याच हट्टावरून बटणावरचा लाइव्ह हा शब्द काढून तिथे मोठ्या अक्षरांत 'अर्धं मिनिट उशिरा' असं लिहिण्यात आलं. भाच्याने अक्षरं लाल केली. ती नेमकी जांभळाच्या फोटोखाली आली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ठाण्याहून एका बाईंचा फोन आला. दोन किलो हवी होती.

"घरपोच देता ना?"

"देतो की."

"आणि ते अर्धं मिनिट उशिरा लिहिलंय, ते नक्की ना? कारण मागच्या वर्षी एकाकडून मागवली होती, ती चार दिवसांनी आली."