पाटलांचे शून्य हेक्टर

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे अॅप राज्यभर लागू झाले आणि निजामाच्या अमदानीत काय किंवा १७ सप्टेंबर १९४८ नंतर काय, जी पीकपेऱ्याची नोंद सदैव सरकारी दप्तराच्या मर्जीवर विसंबून असे, ती आता ज्याची त्याने बांधावर उभे राहून करावी असे ठरले; तेव्हापासून सोयाबीनपासून सोयरिकीपर्यंत अॅपविना अडून राहावे असे प्रकरण भूतलावर उरले नाही, अशी लातूर-नांदेडकडील तरुणांची दृढ श्रद्धा झाली आहे. नांदेडचा आमचा भाचा त्यांपैकीच एक. लातूरच्या एका आडत्यासाठी तो शेतकऱ्यांच्या खात्यांचे अॅप रचीत आहे.

त्याच्या सांगण्याप्रमाणे सर्व नोंदी क्लाऊडमध्ये, म्हणजे गूगलच्या फायरस्टोअर नामक कोठारात असतात; तेथून त्या मोबाइलमध्ये उतरतात त्या कलमाचे नाव आणि त्यापुढील मजकूर अशा सुट्या जोड्यांनी, आणि अॅपला तर हवा असतो सर्व कलमे जागच्या जागी बसलेला, सिद्ध असा ‘शेतकरी’ ऑब्जेक्ट. हे रूपांतर करणारे यंत्र जुन्या तहसिलीतील पेशकारासारखे आहे. प्रथम नाव नाही, गाव नाही, गुंठा नाही असा एक कोरा शेतकरी जन्मास घालण्याची सोय त्यास लागते. ती नसेल तर अर्ज तत्क्षणी नामंजूर. मग त्या कोऱ्या देहावर एकेक कलम चढते, मात्र दोन्हीकडील नावे अक्षरशः जुळली तरच.

येथेच त्या आडत्याचे खातेदार असलेल्या पाटलांचा घात झाला. ‘क्षेत्र’ या कलमाचे इंग्रजी स्पेलिंग नोंद करणाऱ्या मुनिमाने एका धाटणीने केले होते आणि भाच्याने दुसऱ्या. यंत्राने त्या अनोळखी कलमाकडे दुर्लक्ष केले, कोणी सहसा न वाचणाऱ्या लॉगमध्ये एक ताकीद टिपून ठेवली आणि कोऱ्या शेतकऱ्याच्या अंगी जन्मजात असलेले शून्य तसेच राहू दिले. बारा एकरांचे धनी आडतीवर आले ते भूमिहीन होऊन.

“काका, जमीन आहे हो, फक्त मॅप झाली नाही,” भाचा म्हणाला.

“मॅप नाही कसा? मोजणीचा नकाशा ट्रंकेत हाय की माझ्या!” पाटील गरजले.

गट नंबराची तऱ्हा निराळी. भाच्याने तो आकडा मानला होता. भाऊबंदकीने त्याचे ‘११८/अ’ केले होते. अंकाच्या जागी अक्षर येताच अॅप सर्वांसमक्ष कोसळले. मला विचाराल तर हे कोसळणे शतपटीने सभ्य, कारण ते निदान ओरडून सांगते. मुकाट्याने लिहिलेले शून्य मात्र खऱ्या नोंदीच्या ऐटीत मिरवते आणि ‘नोंद नाही’ व ‘जमीन नाही’ यांतील महसुली अंतर, ज्यावर मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले, ते एका क्षणात पुसून टाकते.

भाच्याने आता क्षेत्राचे नाव जुळवले आहे, गट नंबर मजकूर म्हणून मानला आहे आणि कलम रिकामे असल्यास शून्याऐवजी ‘नोंद नाही’ असे दाखविण्याची तजवीज केली आहे. पाटलांच्या नावापुढे ४ हेक्टर ८० आर रुजू झाले. वाचकांपैकी कोणास आपल्या खात्यावर अकस्मात शून्य हेक्टर दिसल्यास त्याने तहसिलीत किंवा वकिलाकडे धाव घेण्यापूर्वी कृपा करून प्रोग्रॅमरला गाठावे.