मेहुणा धरून किती?

विजेवरची दुचाकी एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर धावते, याचा जो आकडा कंपनी छापते तो खोटा नसतो, हे आधीच सांगतो. पुण्याला एआरएआय नावाची संस्था आहे. अशा ठिकाणी गाडी जागच्या जागी फिरणाऱ्या रुळांवर चढवतात आणि ठरलेल्या पद्धतीनं पळवतात. थोडा वेग वाढवा, थोडा कमी करा, थांबा, पुन्हा निघा. असं एक आवर्तन १०८ सेकंदांचं. जपमाळेत मणी तितके सेकंद. कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्याही आत. ही माळ बॅटरी संपेपर्यंत ओढायची आणि किती अंतर झालं ते मोजायचं. काम चोख. फक्त त्या रुळांना घाट नाही, त्या खोलीला मे महिना नाही, आणि मागच्या सीटवर माझा मेहुणा नाही.

मेहुण्याचं वजन ८२ किलो. वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेला असल्यामुळे विजेवर त्याचा सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त विश्वास. त्याच्या सख्ख्या बहिणीचा माझ्यावर किती आहे, हा वेगळा विषय. मी गाडी घेतली तेव्हा कंपनीनं (नाव सांगत नाही, हप्ते चालू आहेत) १३० किलोमीटर सांगितले होते. मेहुण्यानं तो कागद चष्मा लावून वाचला आणि तिथल्या तिथं बेत जाहीर केला.

"भाऊजी, अमरावती ते चिखलदरा ऐंशी. एकशेतीसातून ऐंशी गेले, पन्नास राह्यले. वरतं गेल्यावर थे पन्नास कुटी खर्च कराचे, तेवढं सांगा फक्त."

अकोल्याच्या माणसाला मे महिन्यात चिखलदऱ्याचं नाव काढलं की तो नाही म्हणत नाही. २०२४ च्या मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. बाकीच्या गावांत दंगल झाली की जमावबंदी होते, आमच्याकडे सूर्य उगवला की होते.

निघालो. अकोला ते अमरावती हा रस्ता जगप्रसिद्ध आहे. २०२२ च्या जूनमध्ये इथं ७५ किलोमीटर लांबीचं डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नाव लागलं. त्याआधीचा विक्रम कतारवाल्यांचा, पंचवीस किलोमीटरला दहा दिवस. अशा रस्त्यावर चाळीसच्या वेगानं जाताना रस्त्याचा अपमान केल्यासारखं वाटतं आणि मागचे ट्रकवाले तसं वाटूही देतात. पण इलाज नसतो. वेग दुप्पट केला की हवा चौपट अडवते आणि तो सगळा भुर्दंड बॅटरी भरते. मी चाळीसवर होतो. मेहुणा मागून "दाबा, दाबा" म्हणत होता आणि स्वतःचं उपरणं वाऱ्यावर शिडासारखं फुगवून बसला होता.

मूर्तिजापूरला जेवायला थांबलो, तेव्हा गाडी चार्जिंगला लावावी म्हटलं, तर ती चार्जिंग घेईना. बॅटरी तापली होती. लिथियमची बॅटरी फार तापली की आतलं यंत्र वीज घेण्यालाच मनाई करतं, म्हणजे तिच्या अंगातही कलम १४४ होतं. मेहुण्यानं हॉटेलातून ओलं फडकं आणून सीटवर टाकलं आणि आम्ही दोघं लिंबाच्या सावलीत तिचा ताप उतरायची वाट पाहत बसलो. मूर्तिजापूरच्याच स्टेशनातून शकुंतला नावाची आगगाडी निघायची. तिला मँचेस्टरचं १९२१ सालचं वाफेचं इंजिन होतं आणि ते १९९४ पर्यंत चाललं. तापणं हाच त्याचा धंदा असल्यामुळे तापलं म्हणून कोणी त्याला थांबवलं नाही.

अमरावतीला माझ्या बहिणीकडे मुक्काम. गिला वडा खाल्ला. पुण्याचा भाचा सुट्टीवर आला होता. त्याचा कोणी मित्र डोंगरात फळीवर उभा राहून हिंडतो. फळीला फुगीर रबरी चाकं, खाली बॅटरी, हातात रिमोट. भाच्यानं मोबाईलवर दाखवलं. मी विचारलं, ही किती चालते? तो हसला. म्हणाला, कंपनी सांगते त्याच्या निम्मी, आणि चढ असला तर निम्म्याच्याही खाली, कारण कंपनीनं मोजताना हलका पोरगा, सपाट रस्ता आणि सावकाश चाल धरलेली असते. मी मेहुण्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "थे फळी हाय, भाऊजी. आपली गाडी हाय."

सकाळी शंभर टक्क्यांवर निघालो. वलगावला पेढी नदीच्या पुलाशी मेहुण्यानं गाडी थांबवायला लावली. इथं, २० डिसेंबर १९५६ ला, गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यानं चपला काढल्या, हात जोडले, पुलाच्या कडेला पडलेली एक प्लास्टिकची बाटली उचलून पिशवीत टाकली आणि परत येऊन बसला. सगळ्या प्रवासात तो गप्प राहिला तो एवढाच वेळ. मीही काही बोललो नाही.

परतवाड्याला पोचलो तेव्हा ३८ टक्के उरले होते. परतवाडा म्हणजे सागवानाची बाजारपेठ आणि आरागिरण्यांचं गाव. तिथं कुठंही दोन तास गाडी लावता आली असती. मी तसं म्हणालोही. पण मेहुण्यानं हिशेब मांडला: एकशेतीसाचे अडतीस टक्के म्हणजे एकोणपन्नास, वर अंतर तीस, म्हणजे एकोणीस किलोमीटर शिल्लक राहतात. आकडेमोडीत चूक नव्हती. ज्या माणसानं आयुष्यभर खांबावर चढून पगार घेतला, त्यानं चढाचा हिशेब धरला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

तो हिशेब आता मी मांडतो. गाडी, आम्ही दोघं, आणि ठेचा, लोणचं, चिवड्याची पिशवी मिळून पावणेतीन क्विंटल. परतवाडा ते चिखलदरा उंची वाढते साधारण सातशे मीटर. एवढं वजन एवढं उंच न्यायला, रस्ता कापायचा खर्च सोडून, नुसतं उचलायलाच अर्धं युनिट वीज लागते, आणि मोटरमधली तूट धरली तर त्याहून जास्त. आमची अख्खी बॅटरी तीन युनिटांची. परतवाड्याला तिच्यात उरलं होतं एक युनिट आणि वर थोडंसं. त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं मेहुण्याला उचलण्यात जाणार होतं. सगळं मेहुण्यावर टाकत नाही, माझेही काही किलो होते.

धामणगाव गढी मागं पडलं आणि घाट सुरू झाला. सपाट रस्त्यावर टक्का सरकायला पाहिजे तेवढा वेळ घेत होता. इथं एका वळणाला दोन, पुढच्या वळणाला तीन असे ते गळायला लागले. मी दरी पाहायची सोडून टक्के दाखवणारी काच पाहत होतो. पळस, साग, खोल दरी, पलीकडे गाविलगडाची डोंगररांग, हे सगळं मेहुण्यानं सांगितलं म्हणून मला कळलं. मग काचेवर कासव आलं. कासव म्हणजे गाडीनं आपल्यापुरती बचत सुरू केली. आता ती माणसाच्या चालीनं जाणार, आणि पुढं मागं माणसाला चालायला लावणार. "उतरा," मी म्हणालो. मेहुणा उतरला आणि गाडीच्या बरोबरीनं चालू लागला. थोड्या वेळानं तो पुढं गेला.

त्यानंतर कासवही गेलं.

१८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांची फौज गाविलगड घ्यायला याच डोंगरांत शिरली होती. सेनापती आर्थर वेलस्ली, पुढं वॉटर्लूची लढाई जिंकला तोच. कर्नल स्टीव्हन्सनच्या माणसांनी जड तोफा डोंगरातून हातांनी ओढत नेल्या. त्यांचीही कंपनीच होती, पण तिनं निदान तोफा आपोआप चढतील असं छापलं नव्हतं. आम्ही ढकलत होतो ती गाडी एक क्विंटलच्या वर. चिखलदऱ्याचं नाव ज्या कीचकावरून सांगतात, त्याला भीमानं मारून दरीत टाकलं. वरून खाली टाकायला भीम लागला, आम्ही खालून वर नेत होतो, तेही मेच्या दुपारी, ठेच्यासकट.

दोन वळणांवर एक टपरीवजा हॉटेल दिसलं. पत्र्याचं छप्पर, बाहेर बाकडं, आत गल्ल्याशी एक बाई. मी धापा टाकत विचारलं, "मावशी, रेंज संपली हो. काही होईल का इथं?"

"इथं नाईच येत रेंज," त्या म्हणाल्या. "थ्या मोहाच्या झाडाखाली जा, दोन काड्या येतेत."

गाडीची, म्हणून सांगितलं. मग त्या बाहेर आल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "पेट्रोलची घ्याची होती ना मंग. माया पोट्ट्यायनं बाटलीत आनून देल्लं असतं." बॅटरी बाटलीत येत नाही हे मला त्या दिवसाइतकं कधी जाणवलं नव्हतं.

मेहुण्यातला लाईनमन मात्र जागा झाला. आत जाऊन त्यानं बोर्ड पाहिला, वायर हातानं चाचपली, बल्बचा रंग पाहून व्होल्टेज किती असेल ते सांगितलं आणि एकच प्लग आहे असं जाहीर केलं. चार्जर लावला. बॅटरी तापलेली, घेतली नाही. गार झाली, तोवर लाईन गेली. लाईन आली, तेव्हा व्होल्टेज इतकं खाली की चार्जरचा दिवा लागे आणि विझे. कंपनीच्या मदतकेंद्राला मोहाच्या झाडाखालून फोन लावला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात जवळचं चार्जिंग केंद्र अमरावतीत असल्याचं सांगितलं. मी म्हणालो, तिथूनच आलोय. ती म्हणाली, मग तुम्हाला रस्ता माहीतच आहे.

विजेवरच्या गाड्यांसाठीच्या राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्र असेल असं म्हटलं आहे. चांगलं आहे, व्हावं. पण सपाट महामार्गावर गाडी तशीही जाते. ती अडते ती घाटात, आणि घाटातल्या वाडीवर अजून साधा बल्ब धड पेटत नाही. याबद्दल कोणी काही छापत नाही.

चार वाजता चार्जिंग एकदाचं सुरळीत सुरू झालं. आम्ही चहा घेतला, भजी घेतली, पुन्हा चहा घेतला. मागच्या अंगणात दोन-तीन पोरं ताटल्यांतून काहीतरी भुरकत होती, फार खुशीत होती. मेहुणा पाहून आला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, फ्रीजरचा प्लग हाय थो." म्हणजे आमचा चार्जर लागावा म्हणून त्या बाईनं दुपारपासून फ्रीजर बंद ठेवला होता. आत खव्याची कुल्फी होती. उद्या रविवार, रविवारी पर्यटक येतात, त्यांच्यासाठी केलेली.

मी पैसे काढले. त्यांनी चहा-भज्यांचे मोजून घेतले.

"कुल्फीचे घ्या, मावशी."

"कुल्फी काई वाया गेली नाई. पोट्ट्यायनं खाल्ली ना."

"मग करंटचे तरी घ्या."

"करंटचे काय घ्याचे? थो काय माया घरचा हाय?"

मेहुणा कधी नव्हे तो गोंधळला. मग त्यानं आपली पिशवी उघडली, आणि दोन बरण्या बाकड्यावर ठेवल्या, एक ठेच्याची, एक लोणच्याची. त्या मात्र त्यांनी घेतल्या. झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ जास्त हाय." बरण्या माझ्या बायकोनं भरल्या होत्या. मेहुणा घाटभर हसत होता.

चिखलदऱ्याला अंधारात पोचलो. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटर, अंगाला गार वारा, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथं. पॉइंट सकाळी पाहिले. धुकं नव्हतं, दरी होती.

परतीचा एक प्रकार सांगायचा राहिला. लॉजवर मेहुण्यानं गाडी रात्रभर लावून पूर्ण शंभर टक्के केली, आता धोका नको म्हणून. उतारावर ही गाडी ब्रेकच्या वेळी थोडी वीज परत बॅटरीत भरते आणि त्याच वेळी मोटर गाडीला धरून ठेवते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत भरायला जागा कुठं? मोटरनं हात काढून घेतला, आणि सातशे मीटरचा उतार नुसत्या ब्रेकवर उतरावा लागला. परतवाड्यापर्यंत जळक्या रबराचा वास येत होता. मेहुणा म्हणाला, टायर गरम झाले असतील.

तेव्हा जाणाऱ्यांनी परतवाड्यात थांबून बॅटरी भरून घ्यावी, आणि वरून निघताना पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवावी. कंपन्यांना एवढंच सांगणं आहे की १३० च्या खाली बारीक अक्षरात का होईना, दोन माणसांचा आणि चढाचा आकडाही छापा. तो छापून येईपर्यंत मेहुण्याला वेगळं पाठवा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला एसटी जाते.