आधी डबा उघडा

विहिरीवरची मोटर जळाली म्हणून आमच्या चोपडा तालुक्यात कुणी सरळ नवी मोटर आणायला धावत नाही. मोटर छोट्या टेम्पोत पडते, वाइंडिंगवाल्याकडे जाते, आणि मालक तिथेच उकिडवा बसून प्रश्न विचारतो. वाइंडिंगच जळालंय की बुशही गेलेत? शाफ्ट सरळ आहे ना? तांबं किती लागेल? बॉडी चांगली असली तर तो मोटर भरून घेतो, नसली तर नवीचा भाव काढतो. डोळ्यांसमोर खोलल्याशिवाय कुणाच्या बोलण्यावर तो एक रुपया सोडत नाही.

तोच माणूस घरातला कॉम्प्युटर हळू झाला की दुकानदाराच्या एका वाक्यावर चाळीस हजार मोजायला तयार होतो. मला याचा संताप येतो, आणि या आठवड्याचं सदर त्या संतापाचंच आहे.

वाक्य मी स्वतः ऐकलंय. गेल्या वर्षी श्रावणात आमचा सीपीयू मोटरसायकलवर मांडीत धरून दुकानात नेला. दुकानदाराने तो टेबलावर घेतलाही नाही. पाठीमागचं स्टिकर वाचलं आणि म्हणाला, "हाऊ डबा आते फेकी द्या भाऊ, नवा ली ल्या." नव्याचा अंदाज अडतीस हजार. स्क्रू एकही फिरला नव्हता.

हा डबा २०१५ चा. मुलीचा दहावीचा पेपर संपला, एमएस-सीआयटीला नाव घातलं आणि घरी सराव हवा म्हणून जळगावहून जोडून आणला. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने तो अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू केला. खानदेशातल्या कितीतरी घरांत पहिला कॉम्प्युटर त्याच निमित्ताने आला. टीव्हीशेजारी टेबल, त्यावर क्रोशाचं झाकण, खाली स्टॅबिलायझर. चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्डडिस्क. मुलीचं शिक्षण त्यावर झालं, सातबारा त्यावर निघाले, शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यावर भरले गेले. अलीकडे मात्र बटण दाबून चहा ठेवायचा, आणि चहा पिऊन झाला तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं.

दुकानातून परत आणला आणि भाच्याला बोलावलं. त्याने पहिल्यांदा डबा उघडलाच नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. "मामा, इथं बघा." सीपीयू बारा टक्के. मेमरी ऐंशीच्या आसपास. डिस्क शंभर टक्के, लाल, हलायला तयार नाही. म्हणजे डोकं रिकामं बसलं होतं आणि कोठारातून माल येत नव्हता. हा तक्ता तुमच्याही कॉम्प्युटरमध्ये आहे, फुकट आहे. दुकानात जाण्याआधी तो पाच मिनिटं बघा आणि आकडे कागदावर लिहून न्या. दुकानदाराशी बोलण्याचा सूरच बदलतो.

हार्डडिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते. ती मिनिटाला ७२०० किंवा ५४०० फेरे फिरते आणि वाचणारं टोक हव्या त्या जागी सरकावं लागतं. दर वेळी त्यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एक मोठा सिनेमा सलग वाचायचा तर चालून जातं. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली मागतं, त्याही वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या, आणि तिथे सेकंदाला शंभर मागण्या पुरवतानाच ती डिस्क धापा टाकते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. तीच बारीक मागणी ती मिलिसेकंदाच्या लहानशा भागात पुरवते. पंख्यापासून मदरबोर्डापर्यंत बाकी सगळं तेच राहतं, कोठार तेवढं बदलतं. २०१२-१३ नंतरच्या बहुतेक बोर्डांना सॅटाची अडीच इंची एसएसडी सरळ लागते. ती जुन्या हार्डडिस्कच्याच वायरीवर बसते.

मग डबा उघडला. चोपड्यात धूळ म्हणजे नुसती माती नाही. उन्हाळ्यात सातपुड्याकडून येणारी झळ, रस्त्याचा फुफाटा, कापसाच्या दिवसांतलं तंतूंसारखं काहीतरी, सगळं पंख्याने दहा वर्षं ओढलं होतं. पंखा काढला तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा घट्ट थर. बोटाने उचलला तर अख्खा निघाला, करड्या रंगाचा, चौकोनी. त्याखालची थर्मल पेस्ट वाळून पानाच्या चुन्याचे पोपडे झाले होते. मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर असतं. त्यात हे पांघरूण घातलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. आपण त्याला म्हातारा म्हणतो, आणि तो तिथे गुदमरत असतो.

भाच्याने ब्रशने आणि ब्लोअरने सगळं झाडलं, नवी पेस्ट लावली, रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला. रिकाम्या खाचेत जुन्या बाजारातली चार जीबीची रॅम बसवली. आणि बोर्डावरचा रुपयाएवढा सेल बदलला. या सेलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याच्यापायी चांगले कॉम्प्युटर भंगारात गेलेले मी बघितलेत. घड्याळाच्या दुकानात 'वीस-बत्तीस' म्हणून मागा, चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि कित्येक वर्षं मागे जातो. मग बँकेची साइट उघडत नाही, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी उघडत नाही, सगळीकडे 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या मशीनच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. माणूस म्हणतो, नेटच चालत नाही, कॉम्प्युटर गेला. गेलेला असतो तो सेल.

एसएसडी, रॅम, पेस्ट, सेल मिळून तीन हजारांच्या आत बसलं. आता बटण दाबून खुर्ची ओढेपर्यंत कॉम्प्युटर तयार असतो. तेव्हापासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या आहेत. एआयची डेटा सेंटरं जगभरची मेमरी उचलताहेत, त्याची झळ आपल्या बाजारापर्यंत पोचली. म्हणून आजचा भाव आजच विचारा. पण भाव चढले तर नवा कॉम्प्युटरही त्याच मेमरीने महाग होतो, हे विसरू नका.

आता मोठा सवाल. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आठवी पिढी आली २०१७ च्या शेवटी. म्हणजे त्याआधी घेतलेला जवळजवळ प्रत्येक घरगुती कॉम्प्युटर, कितीही धडधाकट असला तरी, एका नियमाने रांगेबाहेर. हा नियम मला मान्य नाही. ज्या मशीनवर मूल शिकू शकतं, जिची कमाई अजून संपलेली नाही, तिला बाहेरून तारीख लावून भंगार ठरवणं हे त्या घराच्या खिशात हात घालणं आहे.

पण रागाच्या भरात अपडेटशिवाय बँकेचे व्यवहार करत बसणं हाही उपाय नव्हे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं. ते ज्या भोकातून शिरलं ते मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी बुजवलेलं होतं. बुडाले ते अपडेट न घेतलेले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही त्यात होते. पुढच्याच महिन्यात तेच भोक वापरणाऱ्या नॉटपेट्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम अडलं. आपल्या जळगाव जिल्ह्याची केळी आखातात जायला कंटेनरमध्ये बसते ती याच बंदरातून. हे संकट लांबचं नाही.

आणि इथे आपल्या घरातलंही एक सत्य बोलायला हवं. तालुक्याच्या गावांतल्या कितीतरी कॉम्प्युटरांत विंडोज बिनपरवान्याचं आहे आणि बसवणाऱ्याने अपडेट बंद करून दिलंय. त्या घरांचा आधार ऑक्टोबरमध्ये गेलेला नाही, तो कधी नव्हताच. आधी ते तपासा.

ज्यांचं विंडोज १० परवान्याचं आहे त्यांना मायक्रोसॉफ्ट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेचे अपडेट देतं. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी करायची. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत जाऊन सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. त्यानंतर? आमच्या घरी ठरलंय, लिनक्स मिंट. पेन ड्राइव्हवरून सुरू करून महिनाभर वापरून बघितलं. ब्राउझर तोच, यूट्यूब तोच, मराठीची इनस्क्रिप्ट कळपाटी आहे, लिब्रे ऑफिसात अर्ज लिहिता येतो. ज्यांना टॅलीत हिशेब ठेवायचाय किंवा डिजिटल सहीच्या डोंगलवर निविदा भरायच्यात, त्यांनी मात्र विंडोजच धरावं.

नवा कुणी घ्यावा, तेही सांगतो. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत, कोअर टू ड्युओच्या काळातलं मशीन आहे, मुलगी इंजिनिअरिंगला गेली आणि तिला त्रिमितीय आराखडे काढायचेत, तर घ्या नवा, बिनधास्त घ्या. तिच्या शिक्षणावर खर्च करताना हात आखडू नका. पण बारावीचा निकाल लागलाय, पसंतीक्रमाची लांबलचक यादी भरायचीय, आणि 'मोबाइल आहे की' म्हणून जुना कॉम्प्युटर माळ्यावर टाकताय, तर थांबा. पाच इंचाच्या पडद्यावर कॉलेजांचे कोड खालीवर करताना एक ओळ चुकली की चार वर्षांची जागा बदलते. त्या आठवड्यात मोठा पडदा आणि माउस घरात असावा.

आणि टाकायचाच असेल तर डबा दुसऱ्यांदा उघडा. या वेळी डिस्कवरच्या फायलींसाठी. आधारची प्रत, पासबुकाचे फोटो, सातबारे, सगळ्या घराच्या सह्या त्या हार्डडिस्कमध्ये आहेत. भंगारवाल्याच्या काट्यावर डबा ठेवण्याआधी ती काढून घ्या. नुसतं डिलीट केलेलं परत निघतं.

आमच्या हार्डडिस्कवर मला 'अण्णा' नावाचं फोल्डर सापडलं. अण्णा म्हणजे माझे वडील. शेवटची काही वर्षं ते या कॉम्प्युटरवर श्रीलिपी या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टायपिंग शिकून लिहायचे. गावातल्या विहिरी, कुणाच्या लग्नात कोणतं वऱ्हाड कसं आलं, अनेर नदीला कोणत्या साली पूर आला, आईने सांगितलेल्या अहिराणी ओव्या. सत्त्याहत्तर फायली. नव्या एसएसडीवर उघडल्या तर पडद्यावर रोमन चिन्हांचा चिखल. एक अक्षर लागेना. काळजात चर्र झालं.

कारण साधं आहे. युनिकोड घरोघर पोचण्याआधीचे श्रीलिपीसारखे आपले फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठीचे आकार बसवायचे. फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी चिन्हं असतात आणि वर मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट नाही तर मजकूर नाही. किती सहकारी संस्थांची इतिवृत्तं, शाळांच्या स्मरणिका, समाजाच्या परिचय पुस्तिका, छापखान्यांतले जुने अंक आज या अवस्थेत जुन्या डिस्कांवर पडून असतील. तो डबा भंगारात गेला की त्यातलं मराठीही गेलं, आणि ते गेलं हे कुणाला कळणारही नाही. म्हणून मी दुकानदाराच्या त्या वाक्यावर इतका चिडलोय. त्याने डबा बघितला होता, आत काय आहे ते विचारलं नव्हतं.

फॉन्टवरून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तकं मिळतात. पण जोडाक्षरं आणि रफार ती बऱ्याचदा चुकवतात. म्हणून माणसाने बसूनच तपासावं लागतं. जुन्या हार्डडिस्कला यूएसबीचं कव्हर घातलंय. रविवारी सकाळी ती जोडतो, मुलगी पुण्याहून फोनवर असते, मी वाचतो, ती दुरुस्त करते. 'पानी' की 'पाणी', यावर आम्ही भांडतो. अण्णांनी अहिराणीत 'पानी' लिहिलंय, तेच ठेवलं. एकोणीस फायली झाल्या. येत्या रविवारी पुराची फाइल काढायची आहे.