जावईबापूंची तीन दिवसांची नोकरी

एडिसन, न्यू जर्सी

ती. आईस सा. न.,

फोनवर सांगायला गेले तर तू दर वाक्याला "अगं बाई!" करतेस आणि मागून धाकटा ओरडतो, "ताईला काही कळत नाही." म्हणून लिहून पाठवतेय. त्यालाच मोठ्याने वाचायला लाव.

धाकट्याला थायलंडमध्ये कॉम्प्युटरवर बसायची नोकरी, महिना ९०,००० रुपये, राहणं-खाणं फुकट आणि 'फाइल चार्ज' ६५,००० तेवढा शनिवारच्या आत! त्यासाठी तू एफडी मोडायला निघालीस, असं वहिनीकडून कळलं. थांब. आधी आमच्या घरातलं, आजवर तुझ्यापासून लपवलेलं ऐक.

मागच्या वर्षी तुझ्या जावयाची नोकरी गेली होती. इथे एच-वन-बी व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तिसाव्या दिवशी एक नोकरी आपणहून चालून आली. मुलाखत टेलिग्रामवर, नुसती टाइप करून. ना चेहरा, ना आवाज. अर्ध्या तासात 'अभिनंदन!' मला बघायला येताना मामा, मावशी आणि पत्रिका बघणारे काका बरोबर आणणाऱ्या या माणसाने मालकाचं तोंडही न बघता होकार दिला.

दुसऱ्या दिवशी ईमेलने २,९०० डॉलरचा चेक आला. तो छापून, फोनने फोटो काढून जमा करायचा, लॅपटॉपसाठी. सकाळी खात्यात पैसे दिसले. मी देवापुढे साखर ठेवली. मग मॅनेजरचा मेसेज आला: २,५०० डॉलर आमच्या ठरलेल्या दुकानदाराला पाठवा, आणि त्याआधी २०० डॉलरची गिफ्ट कार्डं घेऊन नंबरांचे फोटो पाठवा. तुझे जावई डायनिंग टेबलावर बसून चमच्याच्या टोकाने कार्डं खरवडत होते, जणू लॉटरीच लागलीय! मी येईपर्यंत फोटो गेलेही होते.

मला एकच कळेना. लॅपटॉप त्यांचा, दुकानदार त्यांचा, मग पैसे आमच्या हातून कशाला फिरवायचे? ओढतच तुझ्या जावयाला बँकेत नेलं. तिथल्या बाईने शांतपणे समजावलं, की खात्यात रक्कम दिसली म्हणजे चेक वटला असं नाही. बँक पैसे लवकर वापरायला देते; चेक खोटा आहे हे कळायला कधी कधी आठवडे लागतात आणि कळलं की सगळी रक्कम आपल्याच खात्यातून वजा होते. आमचा चेक नवव्या दिवशी परत आला. २,५०० वाचले, २०० गेले ते गेलेच. खरी नोकरी त्यानंतर मिळाली. त्या कंपनीने मुलाखतीच्या चार फेऱ्या घेतल्या, घाम फोडला, पण एक पैसा मागितला नाही.

आमचं दोनशे डॉलरवर निभावलं, धाकट्याचं निभावेलच असं नाही. थायलंडच्या नावाने नेलेल्या पोरांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि दिवसरात्र दुसऱ्यांना ऑनलाइन फसवायला बसवतात. २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना परत आणलं.

तेव्हा एजंटचा लायसन नंबर माग आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर ताडून बघ. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त फी घेता येत नाही. "आधी टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ" असं म्हणाला, तर चहाही न देता वाटेला लाव. पैसे आधीच दिले असतील तर मुहूर्त बघू नकोस, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन कर.

आई, नोकरी देणारा पगार देतो, मागत नाही. एफडी मोडू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. कार्डं खरवडल्याचं तुला माहीत आहे, हे जावयाला कळू देऊ नकोस. पाडव्याला फोन केलास की नव्या नोकरीबद्दल अभिनंदन तेवढं कर.