साडेचारला सुटलेला उपास

आमच्या बीड जिल्ह्यात कार्यक्रमाच्या शेवटी कुणी आभारप्रदर्शनाला उभं राहिलं की श्रोते चपला शोधायला लागतात. अशा मुलखातला माणूस जेव्हा आभार मानण्यासाठी अख्खा देश सुट्टी घेऊन बसलेला पाहतो, तेव्हा तो जरा बावरतोच.

2025 च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं अंबाजोगाईहून मुलाकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलो होतो. थँक्सगिव्हिंग असतं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. त्या वर्षी 27 तारखेला आलं, आणि नेमका तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. म्हणजे ज्या दिवशी अमेरिकेनं गळ्यापर्यंत जेवायचं, त्या दिवशी आमच्या हिचा आणि सूनबाईचा महालक्ष्मीचा उपास! नातीला हे पटेना. "आजी, आज उपास अलाउड नाहीये," असं तिनं बजावलं.

तिथीचा घोळ अमेरिकेलाही नवा नाही. लिंकननं 1863 मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. 1939 साली त्या महिन्यात गुरुवार आले पाच. नाताळच्या खरेदीला दुकानदारांना जास्त दिवस मिळावेत म्हणून रूझवेल्टनं सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ऐकलं, काही अडून बसली. काही वर्षं सण दोनदा झाला, आपल्या स्मार्त आणि भागवत एकादशीसारखा. 1941 मध्ये कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला, तेव्हा कुठं तंटा मिटला. आपल्याकडे असं काही कायद्यानं मिटलं असतं असं मला वाटत नाही.

सकाळी कलशासाठी पाच झाडांची पानं हवी होती. बाहेर झाडं निष्पर्ण. आंब्याची आणि विड्याची पानं ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेली होती, तुळस खिडकीतल्या कुंडीत होती, कढीपत्ता फ्रिजमध्ये. पाचवं मिळेना. नातीनं अंगणातून मेपलचं एक लालभडक पान उचलून आणलं. हिनं ते नळाखाली धरलं, उलटसुलट पाहिलं. "देवीला चालेल का हो?" मी म्हणालो, न चालायला काय झालं? आपली योगेश्वरी तरी कुठं मूळची अंबाजोगाईची? परळीच्या वैद्यनाथाशी लग्न ठरलं म्हणून कोकणातून वऱ्हाड घेऊन निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि ती आपल्या गावी राहिली ती कायमची, अशी कथा आहे. परळी पंचवीसेक किलोमीटरवर. पण ती ना पुढे गेली, ना माघारी. आता तिच्यावाचून गावाचं पान हलत नाही. मेपल कलशात गेलं.

दुपारी मुलानं सणाची कथा सांगितली. 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्रज आले, पहिल्याच हिवाळ्यात जवळपास निम्मे दगावले. उरलेल्यांना तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी मका लावायला शिकवलं. पुढच्या वर्षी पीक आलं आणि सगळे मिळून जेवले. नंतर त्या शिकवणाऱ्यांच्याच जमिनी गेल्या. म्हणून 1970 पासून ह्याच दिवशी प्लिमथला मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. व्रताच्या कहाणीतही उतल्यामातल्यांची गत सांगून झाल्यावरच देवी प्रसन्न होते. इथं तो भाग गाळून थेट जेवायला बसतात, एवढाच फरक.

जेवणाच्या वेळेचं संकट मात्र सूर्यानं परस्पर सोडवलं. तिथं नोव्हेंबरअखेरीस साडेचारलाच दिवस मावळतो. पूजा, कहाणी, आरती उरकून पाचला उपास सुटला, आणि अमेरिकेची जेवायची वेळही तीच.

टेबलावर टर्की होती, पण कागदाची. शाळेत नातीनं पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती. अंगठ्याचं डोकं, चार बोटांचा पिसारा. अमेरिकेचे अध्यक्ष दरवर्षी एखाददुसऱ्या टर्कीला अभय देतात. आमच्या टर्कीला हिनं हळदकुंकू लावलं. बाकी पुरणपोळी, कटाची आमटी, लाल भोपळ्याचे घारगे, मिरचीचा ठेचा आणि सीताफळाची बासुंदी. ह्यातला भोपळा, मिरची आणि सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले. सीताफळाचं तर कौतुकच आहे. बालाघाटच्या खडकाळ माळावर ते असं रुजलं, की आपण त्याला रामायणात नेऊन बसवलं आणि 2016 साली बीडचं सीताफळ म्हणून भौगोलिक मानांकनही मिळवलं. ग्रीन कार्डासाठी ताटकळलेल्या मुलाला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, त्याला किती शतकं लागली ते सांगा की!"

शेजारच्या इटालियन वंशाच्या आजीबाई पालकाचं लझान्या घेऊन आल्या. त्यांच्याकडे म्हणे टर्कीआधी ते लागतंच. आजोबा बोटीतून येताना घेऊन आले ती चव. मग रीतीप्रमाणे एकेकानं आभार मानले. मुलगा आईबापांचे आभार मानताना इतका अवघडला, की मध्येच इंग्रजीत शिरला. माझी पाळी आली तेव्हा मी वेळेवर मावळल्याबद्दल सूर्याचे मानले.

शेवटी हिनं खलबत्त्यात कुटलेला तांबूल आला. त्याच आठवड्यात गावी देवीचं मार्गशीर्षातलं नवरात्र होतं आणि तांबूल हा तिचा प्रसाद. आजीबाईंनी आधी वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकला, मग वाटीच ओढली. थोड्या वेळानं नातीनं जीभ लाल झाल्याचं दाखवलं तेव्हा त्यांनीही आपली बाहेर काढली. दोघींची पैज लागली, कुणाची जास्त रंगली म्हणून. पंच म्हणून मला बोलावलं. मी निकाल आजीबाईंच्या बाजूनं दिला, तर नात म्हणाली, आबांनी पाहुण्यांना मुद्दाम जिंकवलं.