सूचनावही : स्वरूप, उपयोग आणि पंखा

सूचनावही ही सार्वजनिक वाचनालयातील आवश्यक वस्तू असून ती देवघेव विभागाच्या खिडकीशी, वाचकाला दिसेल पण सहज हाती लागणार नाही अशा बेताने ठेवलेली असते. तिच्या पानांवर चार रकाने आखलेले असतात : तारीख, सभासद क्रमांक, सूचना आणि शेरा. पहिले तीन वाचकाचे, चौथा ग्रंथपालाचा. चौथा रकाना सर्वांत अरुंद असतो, कारण त्यात 'नोंद घेतली' एवढेच मावायचे असते.

रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरचे कुठलेही वाचनालय घेतले तरी सूचनांचे विषय ठरलेले. दिवाळी अंक शिमगा आला तरी 'बाहेर' असतात, आणि ते कोणाच्या घरी आहेत हे अख्ख्या आळीला माहीत असते. रहस्यकथेचे शेवटचे पान गायब असते. राशिभविष्याची चौकट कात्रीने, तीही अगदी सरळ रेषेत, कापून नेलेली असते. शब्दकोडे कोणीतरी पेनाने सोडवलेले असते आणि चुकीचे सोडवलेले असते. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षांची मुले कुजबुजतात ही ज्येष्ठांची तक्रार, ज्येष्ठ घोरतात ही मुलांची. हे सर्व विषय किरकोळ आहेत. वहीची निम्म्याहून अधिक पाने ज्याने व्यापलेली असतात, तो विषय म्हणजे पंखा.

पंखा मुक्तद्वार विभागात वृत्तपत्रांच्या टेबलाच्या बरोबर वर असतो. तो तिथेच का, तर खाली टेबल आहे म्हणून. टेबल तिथेच का, तर वर पंखा आहे म्हणून. रेग्युलेटरवर पाच आकडे छापलेले असले तरी वेग दोनच असतात. एकावर पाती मोजता येतात, पाचावर मुंबईची वृत्तपत्रे उडून बालविभागात जातात. यावर उपाय म्हणून टेबलावर समुद्रावरून आणलेले गोटे ठेवतात. एक पान उलटायला तीन गोटे हलवावे लागत असल्यामुळे पहिल्या पानापलीकडे सहसा कोणी जात नाही, आणि आतला अग्रलेख वर्षानुवर्षे कोराकरकरीत राहतो.

पंख्यावरून वाचकांचे दोन पक्ष पडतात. वाचणाऱ्यांना तो बंद हवा असतो, बसणाऱ्यांना चालू. बसणारे बहुमतात असतात. सोमवारी 'पंखा चालू ठेवावा' अशी सूचना येते, मंगळवारी 'पंखा बंद ठेवावा' अशी. दोन्हींपुढे 'नोंद घेतली' असते, आणि या दोन शेऱ्यांत कसलाही विरोध नसतो. प्रकरण हमरीतुमरीवर आले की ग्रंथपाल रेग्युलेटरची खुंटी उपटून आपल्या ड्रॉवरमध्ये, शिक्क्याच्या पॅडशेजारी ठेवतात. मागे उरते ती बोटभर उघडी दांडी. ती वाचक पकडीने फिरवू लागतात. मग भिंतीवर 'वाचनालयात पकड आणू नये' अशी पाटी लागते. मग एखादा जुना सभासद घरच्या मोडक्या रेडिओचे बटण आणून त्या दांडीवर बसवून पाहतो आणि ते नेमके बसते. त्या दिवसापासून वाचनालयाची सत्ता कार्यकारी मंडळाकडून निघून त्या सभासदाच्या सदऱ्याच्या खिशात जाते. ते गृहस्थ नऊच्या मिनिडोरने उतरतात तेव्हा गावात वारा सुरू होतो. साडेअकराला जेवायला जातात तेव्हा पडतो. महिनाभर लेकीकडे डोंबिवलीला गेले तर महिनाभर बसणारे वर्तमानपत्राने वारा घेतात, म्हणजे तेवढ्यापुरता वर्तमानपत्राचा खप वाढतो. 'अमुक क्रमांकाचे सभासद खुंटी घरी नेतात' अशी रीतसर तक्रार होते. नोंद घेतली जाते. शेवटी विषय कार्यकारी मंडळापुढे जातो आणि नव्या पंख्यासाठी तीन दरपत्रके मागवावीत असा ठराव होतो. गावात वायरमन एक. तो बिचारा तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर तीन दर लिहून देतो, त्यातला सर्वांत कमी दराचा वायरमन, म्हणजे तोच, निवडला जातो, आणि अनुदानाचा हप्ता आल्यावर काम सुरू करावे असे ठरते. इथवर आलेला पंखा सहसा पुढे सरकत नाही.

आता या पंख्याचा उपयोग. बसणाऱ्यांचा घाम वाळवणे हा त्याचा दुय्यम उपयोग आहे. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर कोरडी अशी वस्तू शोधून सापडत नाही. हवेतील आर्द्रता 65–70 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की पुस्तकांवर बुरशी धरते. मासिकांच्या पिना गंजून त्यांचे तपकिरी डाग आरपार उतरतात. खळ आणि डिंक खाणारी कसर बांधणीत शिरते. कपाटे भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवणे आणि हवा हलती ठेवणे, हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज. म्हणजे अख्ख्या सूचनावहीत शहाणपणाची सूचना एकच आणि ती नेमकी पंख्याची. ती देणाऱ्याला बिचाऱ्याला ते माहीत नसते, पण शेरा मारणाऱ्याला तरी असावे. माहीत असूनही त्याच्या हातात काय असते, हा पुढचा प्रश्न. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले, घरांची कौले-पत्रे उडाली, वीज दिवसचे दिवस नव्हती. अशा पावसाळ्यात भिजलेले पुस्तक पानन् पान सुटे करून वाळवायला माणूस लागतो, आणि वाचनालयातला माणूस इतक्या पगारावर असतो की त्याचा आकडा छापणे त्याच्या घरच्यांना आवडणार नाही.

हा पगार एवढाच का, याचे मूळ कायद्यात आहे. मद्रासने 1948 साली ग्रंथालय कायदा केला तेव्हा घरपट्टीवर ग्रंथालयासाठी उपकर लावला. कर्नाटकाने 1965 साली तेच केले. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. दोन उदाहरणे डोळ्यांपुढे असूनही त्यात उपकर नाही. शासनाने ग्रंथालय निधीत वर्षाला किमान 25 लाख रुपये घालावेत, एवढे आहे. बाकी अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गवार अनुदान. दशकभर गोठलेल्या या अनुदानात 2022 साली 60 टक्के वाढ मंजूर झाली. दशकभरात महागाई किती वाढली ते ज्याने त्याने बाजारात पाहावे. आणि इकडे मांडव्यापासून नागावपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या जाऊन त्यांच्या जागी दहा फुटी कंपाउंड उभी राहिली आहेत. आत पोहण्याचा तलाव, बाहेर गाव मे महिन्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. वर्षातले तीनशे दिवस रिकाम्या खोल्या थंड ठेवण्यासाठी तिथे यंत्रे चालतात. त्या घराच्या पट्टीतला एक पैसा ग्रंथालय उपकर म्हणून गावच्या पुस्तकांना द्यावा, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही! मिळते ते एवढेच : घर आवरताना निघालेले गठ्ठे. बारा वर्षांपूर्वीच्या आयकराची मार्गदर्शिका, बंद पडलेल्या संगणक प्रणालीचे पाठ्यपुस्तक, एखाद्या विश्वकोशाचा तिसरा खंड, फक्त तिसराच. ग्रंथपाल त्यांना दाखल क्रमांक देतात, कारण ग्रंथसंख्या भरली नाही तर वर्ग खाली येतो. देणगीदार सूचनावहीत लिहून जातात की जागा फार शांत आणि जुन्या वळणाची आहे, ती अशीच ठेवावी. वहीतली अमलात येणारी सूचना बहुधा हीच.

वहीची तपासणी वर्षातून एकदा होते. तपासणाऱ्याने सूचना वाचायच्या नसतात, प्रत्येक सूचनेपुढे शेरा आहे ना एवढे पाहायचे असते. त्या दिवशी खुंटी ड्रॉवरमधून काढून बसवलेली असते, पंखा पाचावर असतो आणि गोटे दुप्पट असतात. 'सूचनावही अद्ययावत, हवा खेळती' असे लिहून सही होते. चहा-नाश्त्याचा खर्च वेतनेतर बाबींत पडतो.